दोड्डव्वाची शाळा

अक्का, गौरी आत गेली. घंटा झाली, शिपायानं फाटक ओढून घेतलं आणि मी समोरच्या लिंबाखालच्या कट्ट्यावर बसले. बाईंनी पालकांना एक वाजता यायला सांगितलंय. आणखी तीन-चार मुलांचे आईवडील होते, ते निघून गेले. मला घरी जाववत नाही. स्वयंपाकघरात तुम्ही नाही, आणि पुढच्या खोलीत, माझ्या स्वतःच्या शिकवणीच्या खोलीत, मला बसवत नाही.

दोन तास आहेत. पाचवीचा गणिताचा पेपर, दुसऱ्यांदा. हा गेला तर पोरगी पाचवीतच राहणार आणि तिच्या मैत्रिणी सहावीत जाऊन बसणार. ज्या बाईच्या दारावर 'गणित, पाचवी ते दहावी' असा बोर्ड आहे तिचीच मुलगी गणितात नापास, ही बातमी भवानी पेठेत मे महिन्यातच फिरून झाली, त्यामुळं बोर्डाचं जे व्हायचं ते झालंय. आज मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आत्ता तिनं पेपर उघडला असेल, पहिलं गणित वाचलं असेल, आणि तिला मी दिसले असेन.

हे बोलणं तुमचं. "पेपरात बी तूच दिसतीस तिला," असं तुम्ही म्हणाला होता. त्यावर मी जे बोलले त्यानंतर आपलं धड बोलणं झालं नाही, आणि सोळाव्या दिवशी तुम्ही गेलात. दोन दिवस दवाखाना, तोही बेशुद्धीतच. कुणाला काही बोलायची सोयच ठेवली नाहीत.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे होऊन गेले. दाराशी येणारी प्रत्येक बाई तुमच्याबद्दल चांगलंच बोलते, आणि खोटं कुणीच बोलत नाही. मी मान हलवते, चहा देते. पण अक्का, मला तुमचे गुण गायचे नाहीयेत. मला आपलं भांडण पुरं करायचंय. अर्धवट भांडण घेऊन माणूस किती दिवस जगणार?

बारा वर्षं मी तुम्हाला अहो-जाहो केलं. थोरली जाऊ, विधवा बाई, म्हणून मान देते असं सगळ्यांना वाटायचं. मान कसला, कुंपण होतं ते. मी बार्शीची, बी.एस्सी. झालेली. तुम्ही अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातल्या, कानडी शाळेत सातवीपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा तुमचं आणि ह्यांचं कानडी सुरू झालं की मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय. शिकले असते तर चार महिन्यांत कळलं असतं की भाजीत मीठ जास्त झालं का आणि नळाला पाणी कधी येणार, एवढंच चालायचं तुमचं. पण मी शिकले नाही. मी मॅडम. मी शिकवणार, शिकणार नाही.

घराचे मग दोन भाग झाले. पुढची खोली माझी. फळा, सतरंज्या, संध्याकाळी पाच ते आठ दोन तुकड्या. मागचं स्वयंपाकघर तुमचं. तुमच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणीचं उखळ, आणि गौरी. पोरगी बसायला लागली तेव्हापासून तुमच्याच मांडीवर. 'दोड्डव्वा' म्हणायची तुम्हाला, म्हणजे मोठी आई. कुणी मला अर्थ विचारला की मी सांगायचे, आणि दर वेळी आत काहीतरी टोचायचं. लपवत नाही आता.

आणि त्या स्वयंपाकघरात काय चालायचं हो! मी इकडं फळ्यावर लसावि काढतेय आणि भिंतीपलीकडं तुम्ही दोघी खिदळताय. माझ्या तुकडीतली मुलं माना वळवून भिंतीकडं बघायची. एकदा तर पाणी प्यायला म्हणून गेलेल्या दोघी परत आल्याच नाहीत. जाऊन बघते तर पाण्याच्या पिंपात काठी घालून चौघी उभ्या. नळाला पाणी चार दिवसांनी येणार, रोज किती बोटं पाणी खर्च झालं तर पुरेल, ह्यावर पैज लागलेली. मी दोघींना पुढं घालून आणलं. तुम्हाला म्हणाले, इथं शिकवणी चालते, जत्रा नाही. तुम्ही हसून "बरं" म्हणालात आणि काठी पुसून ठेवलीत.

गॅसची टाकी लावली की तुम्ही भिंतीवर कोळशानं तारीख लिहायच्या. मग घरातल्या प्रत्येकानं सांगायचं, कितव्या दिवशी संपेल. ज्याचा अंदाज जवळ येईल, त्या दिवशी त्याच्या आवडीचं जेवण. हे सुद्धा दुकानातून आल्या आल्या शर्टही न काढता भिंत बघायचे. त्यांचं दुकान चादर-टॉवेलचं, सात रस्त्याजवळ. तिथून कापडाचा तुकडा आणि भिंग आणायचे, आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ह्यावर तुम्हा तिघांची सुई घेऊन मोजामोज चालायची. जेवताना तुमचा एक नियम होता. सकाळी माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं, असं प्रत्येकानं एक सांगायचं. तुम्ही पहिल्या. रोज काहीतरी असायचंच तुमच्याकडं. चिमणी तुरीची डाळ खात नाही, तांदळाची कणी खाते, असलं काहीतरी. माझी पाळी आली की मी म्हणायचे, मला काम आहे, तुमचं चालू द्या. आता वाटतं, बारा वर्षांत एकदाही मला काही नवीन कळलं नव्हतं की काय?

साडेअकरा झाले. शिपाई पाण्याची कळशी घेऊन आत गेला. मी त्याला विचारलं, पाचवीची मुलगी, दोन वेण्या, लिहितेय का? तो म्हणाला, "लिवतीय की बाई, तुमी बसा निवांत." निवांत कसली बसतेय.

भाकरीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तुमची कडक भाकरी ताटाएवढी, पातळ, वाळवलेली. ती मोडली की कधी सारखी मोडत नाही. तुमचा न्याय असा की जो मोडेल त्यानं दुसऱ्याला आधी उचलू द्यायचं. गौरी दोन्ही तुकडे हातात घेऊन जोखायची. मग तुम्ही जुना तराजू काढलात, एका पारड्यात एक तुकडा, दुसऱ्यात दुसरा, आणि हलक्या बाजूला चिंचोके टाकत बसायचं, सारखं होईपर्यंत. "सात चिंचोक्यांनी मोठं अर्धं" असं तुमच्यात बोललं जायचं. मोठं अर्धं, लहान अर्धं. माझ्या कानावर आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धं म्हणजे अर्धं, त्यात मोठं-लहान कुठून आलं? मी गौरीला दहा वेळा लिहायला लावलं, दोन्ही अर्धे भाग समान असतात. तिनं मुकाट्यानं लिहिलं.

मी कान धरायचे तिचा. हेही लिहिते. दुसऱ्यांच्या मुलांना मी कधी बोट लावलं नाही, त्यांचे आईवडील विचारतील म्हणून. स्वतःच्या पोरीला कोण विचारणार? ती चुकली की माझा हात आपोआप जायचा. मग हळूहळू असं झालं की मी प्रश्न विचारला की उत्तराआधी तिचा डावा हात कानावर जायचा. मला ती सवय वाटली. तुम्ही एकदा दाखवलंत, नुसतं डोळ्यांनी. मी न बघितल्यासारखं केलं.

निकालाच्या दिवशी शाळेत बोलावलं. बाईंनी पेपर पुढं ठेवला. एक प्रश्न होता, एका पट्टीचे दोन भाग केले, त्यातला एक रंगवला, तर किती भाग रंगवला? आकृती नव्हती. गौरीनं लिहिलं होतं, "दोन भाग सारखे केले का ते सांगितलेलं नाही. मोठा भाग रंगवला असेल तर अर्ध्यापेक्षा जास्त." त्यावर लाल फुली. आणि त्याच्या खाली कोरं. पानंच्या पानं कोरी. बाई हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पण हसल्या. म्हणाल्या, मॅडम, घरी असं शिकवता का? पेपर घेऊन मी तिथून कशी बाहेर आले मला आठवत नाही.

घरी येऊन मी त्या उत्तरावर माझ्या लाल पेनानं आणखी एक फुली मारली. गौरीच्या देखत. मग तो पेपर घेऊन तुमच्याकडं आले. तुम्ही तव्यापुढं होता. मी म्हणाले, बघा तुमच्या खेळांचं फळ, पोरीचं वर्ष गेलं. तुम्ही पीठ लागलेल्या हातानं पेपर धरलात, वाचलात सावकाश, आणि म्हणालात, "बरोबर लिवलंय की गं तिनं."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग ते म्हणालात. "पोरगी तुला भितीय, वैशाली. पेपरात बी तूच दिसतीस तिला. म्हणून खालचं कोरं ऱ्हायलंय."

आणि मी म्हणाले... हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "सातवी शिकलेल्या बाईनं मला गणित शिकवू नये. आणि पोर कसं वाढवायचं हे जिला पोर झालंच नाही तिनं तर मुळीच सांगू नये."

तुम्ही भाकरी उलटलीत. ती एका बाजूनं काळी झाली होती. "करपली बघ," एवढंच म्हणालात, आणि ती स्वतःच्या ताटात ठेवलीत. चिडला असता, रडला असता, ह्यांना सांगितलं असतं, तर मला भांडता आलं असतं. तुम्ही काहीच केलं नाहीत, आणि मी पुढच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हुकूम काढला, गौरीनं वही घेऊन स्वयंपाकघरात जायचं नाही. सकाळी तीन तास माझ्यापुढं. तुम्ही तो हुकूम माझ्यापेक्षा कडक पाळलात. ती वही घेऊन आली की "आईकडं जा" म्हणायच्या. चिंचोक्यांचा डबा माळ्यावर गेला. भिंतीवर टाकीची तारीख लिहिली, पण कुणी अंदाज केला नाही. जेवताना चौघं खाली बघून जेवायचो. चौदा दिवस, तुम्हाला दवाखान्यात नेईपर्यंत. मला तेव्हा वाटायचं, बरं झालं, जरा शिस्त आली घराला.

मग तुम्ही गेलात. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. तुम्हाला त्या खुर्चीत फुलांत बसवलं तेव्हा मी समोर उभी होते, आणि मला इतका राग आला तुमचा की काय सांगू. समोर बसलाय आणि बोलत नाही. अजून तेच. आता तरी काही म्हणा की, असं माझ्या तोंडात आलं होतं. शेजारच्या बाईनं मला मागं ओढलं, तिला वाटलं मी रडून पडेन.

त्यानंतर गौरी बोलायचीच बंद झाली. म्हणजे पाणी दे, जेवायला चल, एवढं. अभ्यासाला बसवलं की मान खाली. वीसचा तीन चतुर्थांश किती, मी विचारायचे, आवाज शक्य तितका मऊ करून, आणि तिचा हात कानावर. मी कान धरायचं केव्हाच सोडलं होतं, पण त्या हाताला कोण सांगणार? ह्या परीक्षेला बारा दिवस उरले होते. हे म्हणाले, दुसऱ्या कुणाकडं लावू शिकवणी. दुसऱ्या कुणाकडं! मी रात्रंदिवस लोकांची मुलं पास करते, आणि माझी पोरगी माझ्यापुढं बसली की तिची जीभ टाळ्याला चिकटते.

शेवटी मी ठरवलं, तुमच्यासारखं करायचं. माळ्यावरून डबा काढला. तुमच्या जागेवर, तव्यापुढं, मांडी घातली. गौरीला हाक मारली. आणि लाडात येऊन म्हणाले, "गौरी, अगं मला येतच नाही बघ हे. अर्ध्याचं अर्धं किती, सांगशील मला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. अक्का, दहा वर्षांच्या पोरीनं कुणाकडं असं बघू नये. म्हणाली, "तुला येतंय. बाहेर बोर्ड लावलाय." आणि जायला निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, दोड्डव्वाला खरंच येत नव्हतं, ती खोटं नव्हती विचारत.

मी तिथंच बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही नाटक करता. मुलांशी मूल होऊन, त्यांचं मन राखायला, येत असून येत नाही म्हणता. मी मनातल्या मनात त्याला नावंही ठेवली होती. आणि तुम्हाला अपूर्णांक खरंच येत नव्हते. तुम्ही त्या पोरीकडून शिकत होता, तराजू घेऊन, एकेक चिंचोका टाकत. मला शोधूनही माझ्यात असं काही सापडेना, जे तिला येतं आणि मला येत नाही. किती गर्व होता बघा. डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही.

ते दिसलं दुसऱ्या दिवशी दुपारी. कुंभारीहून एक बाई आल्या, बिडी कामगारांच्या वसाहतीतल्या. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. दारातूनच "अक्का?" म्हणून हाक मारली. मी सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि कानडीत बोलायला लागल्या, रडत, थांबत, परत बोलत. मला एक अक्षर कळेना. मी नुसती उभी, पाण्याचा तांब्या हातात. गौरी आतून आली, त्यांच्याजवळ बसली, आणि मोठ्या बाईसारखं बोलत राहिली त्यांच्याशी. बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

मी विचारलं, काय म्हणत होत्या गं त्या? गौरीनं आधी संशयानं बघितलं. परत आईचं नाटक की काय, असं. मग बहुतेक माझा चेहरा बघून तिची खात्री पटली. म्हणाली, "तुला खरंच नाही कळलं?" नाही कळलं, म्हटलं. तिनं सांगितलं, की तुम्ही त्या बाईंकडून बिडी वळायला शिकत होता. दर वेळी त्या तुमच्याकडून भाकऱ्या न्यायला आल्या की पानं-तंबाखूचं सूप घेऊन बसायच्या दोघी. मी विचारलं, कशाला? आपल्याला काय करायच्यात बिड्या? गौरी म्हणाली, येत नव्हतं म्हणून. दुसरं काही नाही.

मग ती म्हणाली, "तुला शिकवू कानडी?"

अक्का, मी हो म्हणाले. पहिला शब्द तिनं दिला 'गोत्तिल्ला'. माहीत नाही. म्हणाली, हा आधी यायला पाहिजे, मग बाकीचे. तुम्हीच तिला असं शिकवलं असणार.

दहा दिवस आम्ही तसं केलं. अर्धा तास ती मला कानडी, अर्धा तास मी तिला गणित. जागा तुमचीच, तव्यापुढची. पहिल्याच दिवशी मला 'नाल्कु'नंतरचा आकडा आठवेना. पाच म्हणजे काय? आदल्या मिनिटाला सांगितला होता तिनं. ती बघतेय. आणि मला काय झालं सांगू? शाळेत फळ्याजवळ उभं केल्यावर व्हायचं ते. घाम फुटला मला, चाळिशीच्या बाईला. मला वाटलं, ही आता माझ्यासारखं करणार. माझंच शिक्षण आहे ना तिला, हात उगारणार. मी तर मान आक्रसून घेतली होती खरोखर.

गौरी एक चिंचोका घेऊन फरशीवर टिचक्या मारत बसली, अजिबात माझ्याकडं न बघता. मला वेळ देत होती. कुणाचं बघून शिकली ते मला ओळखू आलं. थोड्या वेळानं मला आठवलं, 'ऐदु'. ती म्हणाली, हां, आता पुढचं. झालं. एवढंच. मी पदर तोंडाला लावून उठले, धूर गेला डोळ्यात म्हणाले. गॅसला कुठला आलाय धूर?

चौथ्या का पाचव्या दिवशी मी तो जुना पेपर काढला. कपाटात तळाशी घालून ठेवला होता. तो प्रश्न परत वाचला, तिचं उत्तर वाचलं, आणि परत एकदा वाचलं. प्रत्येक नव्या तुकडीला मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देते, अपूर्णांक म्हणजे एका वस्तूचे समान भाग. 'समान'खाली दोन रेघा मारते. प्रश्नात समान हा शब्दच नव्हता. तिनं बरोबर लिहिलं होतं. तुम्ही, सातवी शिकलेल्या, पीठ लागलेल्या हातांनी, बरोबर सांगितलं होतं. आणि मी बी.एस्सी. गणित, मी त्यावर दुसरी फुली मारली होती.

मी तिला तसं सांगितलं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, मी शाळेत जाऊन बाईंशी भांडते. निघालेच होते चप्पल घालून. ती म्हणाली, नको, त्यानं एकच मार्क वाढेल. आणि हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती. त्या दिवशी टाकी बदलली. तिनं भिंतीवर तारीख लिहिली आणि ह्यांना आणि मला अंदाज विचारला. मी पहिल्यांदा खेळले. बत्तीस म्हणाले. बघू.

पण मी काही फार बदलले असं समजू नका. परवाच मी परत ओरडले. बेरीज चुकली म्हणून. सोपी बेरीज हो, आठ आणि सात. आवाज निघून गेला तोंडातून, आणि तिचा हात कानावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा दिवसांत दहा वर्षांचं जात नाही. म्हणून तर इथं बसलेय आणि जीव टांगणीला लागलाय. पेपर सोपा असेल, अवघड असेल, तिला येतंय, मला माहितीय. पण त्या कोऱ्या पानांवर मी बसलेली नसावी. एवढंच मागते. कुणाकडं मागते तेही कळत नाही.

पावणेएक झाला. आता लिहवत नाही.

पुढचं घरी येऊन लिहितेय, अक्का, लगेच, विसरायच्या आत.

एक वाजता फाटक उघडलं. दर परीक्षेनंतर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कुठलं चुकलं? मी तो दातांखाली धरून ठेवला. ती आली, ऊन लागतं म्हणून डोळे बारीक करून. दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर. माझ्यापर्यंत आली आणि मी काही विचारायच्या आधी म्हणाली, "आई, माझं शेवटचं गणित चुकलं. बाकीची सगळी लिहिली. शेवटचं घरी गेल्यावर दाखव मला."

आपण होऊन सांगितलं. हात पट्ट्यांवरच. मी तिच्या हातांकडंच बघत होते, हलले नाहीत. निकाल आठवड्यानं लागेल, लागेल तो लागेल.

आम्ही चालायला लागलो. रिक्षा थांब्यापर्यंत सावली नाही त्या रस्त्याला. मला राहवेना. मी म्हटलं, "गौरी, माझंही एक चुकलंय." काय, तिनं विचारलं. मी सांगितलं. तुम्हाला जे बोलले ते, शब्दन् शब्द, पोर न झाल्याचं सुद्धा. रस्त्यात, भर उन्हात, दहा वर्षांच्या पोरीला. दुसऱ्या कुणाला सांगणार होते? तुमचं माणूस म्हणून तीच तर उरलीय.

ती म्हणाली, "मला माहितंय. मी पिंपामागं होते."

मी थांबलेच. ती माझा हात ओढत चालत राहिली आणि सांगत राहिली, जसं काही रोजचंच. त्या दिवशी तिनं तुम्हाला सांगितलं होतं, दोड्डव्वा, आता आईशी कट्टी कर, कधीच बोलू नको. आणि तुम्ही तिला म्हणालात, "न्हाय. तिला येईल. वेळ लागंल, पण येईल. तू घाई करू नको तिला."

मी विचारलं, काय येईल म्हणाल्या? गौरीनं खांदे उडवले. ते नाही सांगितलं, म्हणाली.

सोळा दिवस मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रुसलाय. तुम्ही माझ्यासाठी थांबला होता, अक्का. मीच उशीर केला.